एकाच नावाचे दुकान : उंची ध्वनियंत्रांच्या दालनांची शंभर वर्षे

१/
२० जुलै १९२१. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३६३ क्रमांकाच्या इमारतीत एका नव्या दुकानाचे उद्घाटन झाले. उद्घाटक होते त्या काळचे इंग्लंडचे सर्वांत मान्यवर संगीतकार, सर एडवर्ड एल्गार. दुकानात होते ग्रामोफोन आणि तबकड्या, आणि दोहोंवर एकच चित्र: कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा. हाच कुत्रा पुढे आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवरून महाराष्ट्राच्या माजघरांत पोहोचला. ते दुकान ग्रामोफोन कंपनीने स्वतः, आपल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' या मुद्रेसाठी थाटले होते.

२/
आज अशी दुकाने पाहून आपल्याला नवल वाटत नाही. मॉलमध्ये एकाच कंपनीची पाटी, आत मंद प्रकाश, चार वस्तू, दोन नम्र विक्रेते आणि बहुधा एकही गिऱ्हाईक नाही. बाहेरून जाताना मनात प्रश्न येतोच: हे चालते कसे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. मुख्य कथा डेन्मार्कमधल्या एका छोट्या गावातील कारखान्याची आणि त्याच्या भरवशावर दुकान मांडून बसलेल्या माणसांची. पण तिची मुळे अमेरिकेत आहेत. तिथून सुरुवात करू.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनला भलामोठा कर्णा असे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तो धेंगा शोभत नसे. १९०६ मध्ये अमेरिकेच्या 'व्हिक्टर' कंपनीने कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात दडवला आणि त्या यंत्राला 'व्हिक्ट्रोला' असे नाव दिले. किंमत २०० डॉलर. दोनच वर्षांनी फोर्डची 'मॉडेल टी' मोटार ८५० डॉलरला बाजारात आली, यावरून त्या रकमेचे वजन लक्षात यावे. व्हिक्ट्रोला घेणारा माणूस यंत्र आणि घराची शोभा अशा दोन्ही वस्तू एकदम घेत होता. अशी वस्तू सायकली आणि शिवणयंत्रांच्या गर्दीत ठेवून खपत नाही. तिला गालिचा लागतो, खुर्ची लागते, शांत कोपरा लागतो, आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती तबकडी ऐकवावी हे जाणणारा विक्रेता लागतो.

४/
पण गालिच्याचे पैसे कोणी द्यायचे? इथेच या धंद्यातली मूळ अडचण आहे, आणि ती आजतागायत सुटलेली नाही. समजा, एका दुकानदाराने खर्च करून सुंदर दालन उभारले. गिऱ्हाईक आले, तासभर गाणी ऐकून गेले, आणि यंत्र मात्र पलीकडच्या गल्लीत दहा डॉलर स्वस्त मिळते म्हणून तिथून घेतले. पलीकडच्याला ना गालिचा, ना खुर्ची, म्हणूनच तो स्वस्त देऊ शकला. असे चार वेळा घडले की पहिला दुकानदारही गालिचा गुंडाळून ठेवतो. लॅमिंग्टन रोडवर भाव करायला शिकलेल्या आपल्या पिढ्यांना यात वावगे काही दिसणार नाही. कंपनीला मात्र यात आपला सर्वनाश दिसतो.

५/
व्हिक्टरने यावर एक चलाख युक्ती योजली. यंत्रावर सूचना चिकटवली की, हे यंत्र विकलेले नाही. ठरलेली रक्कम घेऊन पेटंटखाली केवळ 'वापरण्याचा परवाना' दिला आहे, आणि त्या रकमेखाली ते कोणाला देता येणार नाही. न्यूयॉर्कच्या 'मेसीज' या प्रचंड दुकानाने ही यंत्रे मिळवून कमी भावात विकली. व्हिक्टरने खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल १९१७ मध्ये न्यायमूर्ती जॉन क्लार्क यांनी लिहिलेल्या निकालात व्हिक्टर हरली. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: पूर्ण किंमत घेऊन वस्तू हवाली केलीत की ती विक्रीच झाली, तिला परवाना म्हटल्याने ती काही वेगळी होत नाही. मालकी गेली की पुढच्या भावावरचा हुकूमही गेला.

६/
भाव बांधून ठेवता येत नसेल, तर उरतात दोन वाटा. एक, माल कोणत्या दुकानदाराला द्यायचा ते निवडून ठरवणे. दुसरी, दुकानच आपल्या नावाचे करणे. १९२१ चे लंडनमधील दुकान हे या दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण. (त्यामागे अमेरिकेतला निकाल होता असे मात्र समजू नये. इंग्लंडचा कायदा निराळा होता.) तिथे तबकडी ऐकण्यासाठी स्वतंत्र कक्ष होते. पुढच्या काळात रेडिओ आले, दूरचित्रवाणी संच आले. स्वतःची तबकडी कोरून घेण्याची सोयही तिथे झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत ब्रायन एपस्टाइन नावाचा तरुण चार पोरांच्या चाचणी ध्वनिमुद्रणाच्या फिती घेऊन तिथे आला, ती 'बीटल्स'ची होती. त्या तबकड्या कोरताना झालेल्या ओळखीतूनच त्यांचा करार पुढे जुळून आला. असो, हा धागा वेगळा आहे.

७/
निवडक दुकानदारांच्या वाटेला युरोपात कायद्याची मान्यता मिळाली ती १९७७ मध्ये, आणि तीही दूरचित्रवाणी संचांच्या खटल्यात. जर्मनीतील श्वार्झवाल्ड भागात 'साबा' नावाची कंपनी रेडिओ, टीव्ही आणि टेप रेकॉर्डर बनवत असे. ती माल फक्त अशा विक्रेत्यांना देई ज्यांच्याकडे जाणकार माणसे, योग्य मांडणी आणि दुरुस्तीची सोय असेल. 'मेट्रो' या घाऊक व्यापाऱ्याचा धंदा नेमका उलट होता: पैसे मोजा, माल उचला, चालू लागा. साबाने त्याला माल नाकारला. मेट्रो युरोपीय न्यायालयात गेली.

८/
न्यायालयाने साबाच्या बाजूने कौल दिला. भावाची स्पर्धा महत्त्वाची खरी, पण ती एकमेव स्पर्धा नव्हे. उच्च प्रतीच्या, तांत्रिकदृष्ट्या गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी विक्रेत्याची पात्रता पाहणे रास्त आहे. अट एवढीच की निकष गुणवत्तेचे हवेत आणि सर्वांना सारखे लागू हवेत. सहा वर्षांनी, १९८३ मध्ये, याच अटीवर 'एईजी-टेलिफुंकेन' घसरली. पात्र असूनही भाव पाडणाऱ्या दुकानदारांना ती दूर ठेवत होती, हे सिद्ध झाले आणि तिला ठोठावलेला १० लाख युरोपीय चलन-एककांचा दंड न्यायालयाने कायम ठेवला. म्हणजे गालिच्याचा आग्रह धरणे कायदेशीर होते. गालिच्याआडून भाव राखणे बेकायदा होते. या दोहोंमधली रेषा किती बारीक आहे हे धंद्यात मुरलेला कोणीही सांगेल.

९/
आता डेन्मार्क. जटलंडच्या वायव्येला, लिमफ्योर्डच्या पाण्याकाठी स्ट्रूअर नावाचे गाव आहे. जवळच क्विस्ट्रुप नावाची जहागिरी. तिथल्या वाड्याच्या माळ्यावर पेटर बँग आणि स्वेन ओलुफसेन हे दोन तरुण अभियंते रेडिओ जुळवत बसत. बँग अमेरिकेत रेडिओच्या कारखान्यात काम करून परतला होता. १७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्यांनी कंपनी काढली. तिचे पहिले नाव घेण्याजोगे यश म्हणजे 'एलिमिनेटर': बॅटरीची कटकट घालवून रेडिओ थेट घरच्या विजेवर चालवणारे उपकरण. जानेवारी १९४५ मध्ये नाझींच्या डॅनिश हस्तकांनी त्यांचा कारखाना स्फोटाने उडवून दिला. युद्धानंतर त्यांनी तो पुन्हा उभारला.

१०/
'बँग अँड ओलुफसेन'ला जगभर नाव मिळाले ते साठ-सत्तरच्या दशकांत, आरेखक येकब येन्सेन यांच्या काळात. किमतीच्या आधी अभिरुची आणि गुणवत्तेचा विचार करणाऱ्यांसाठी आमचा माल, असे त्यांच्या जाहिरातीचे सूत्र होते. १९७२ चा 'बेओग्राम ४०००' हा तबकडीवादक पाहावा: त्यातील सुईची भुजा एका टोकावर वळत नाही, सरळ रेषेत आत सरकते, म्हणजे मूळ तबकडी कोरताना कोरणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या कंपनीच्या वस्तूंचे खास प्रदर्शन भरवले. कारखान्याच्या मालाला एवढा मान क्वचितच मिळतो.

११/
मात्र संग्रहालयात मिरवणाऱ्या या वस्तू खपायच्या कुठे? गावोगावच्या रेडिओ-टीव्हीच्या सामान्य दुकानांत. एका फळीवर जपानी संचांची रांग, प्रत्येकावर बटणांची नि दिव्यांची दिवाळी. शेजारी हा गप्प, गुळगुळीत, चकचकीत अॅल्युमिनियमचा पट्टा, आणि किंमत कितीतरी अधिक. विक्रेत्याला दोन्हींत नफा. मग अवघड ते समजावून सांगण्याची तसदी तो कशाला घेईल? त्यात जपानी कंपन्या गुणवत्तेतही पुढे सरकत होत्या. ऐंशीच्या दशकाअखेर कंपनी तोट्यात गेली. १९९० मध्ये फिलिप्सने तिचा चतुर्थांश हिस्सा घेतला.

१२/
१९९१ मध्ये आन्डर्स क्नुत्सेन प्रमुख झाले. त्यांच्या पुनर्रचनेचे नाव होते 'ब्रेक पॉइंट ९३'. नोकरकपात झाली, खर्च छाटले गेले. हे सर्वत्रच होते, त्यावर फार थांबत नाही. महत्त्वाचे दोन बदल वेगळेच होते. पहिला, गोदामे भरून ठेवण्याऐवजी गिऱ्हाइकाने मागणी नोंदवल्यावर स्ट्रूअरला संच तयार करायचा. दुसरा, जे दुकानदार मनापासून विकत नाहीत त्यांना वगळायचे, आणि उरलेल्यांतील निवडक लोकांनी फक्त हाच माल विकायचा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या एकनिष्ठ दुकानांची साखळी वाढू लागली. कंपनीच्या भाषेत त्यांना 'बी-१' म्हणत.

१३/
हे दुकान कंपनीच्या नावाचे असले तरी बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचे नसे. भाडे दुकानदाराचे, पगार दुकानदाराने द्यायचे, कर्जावर सही दुकानदाराची. सजावट मात्र कंपनीच्या आराखड्याप्रमाणे, आणि प्रदर्शनात मांडलेला संचही दुकानदाराने विकत घेतलेला. त्याच्या बदल्यात काय मिळे? आसपासच्या परिसरात हे नाव जवळपास त्याचे एकट्याचे होई. शेजारचा गल्लीतला कोणी भाव पाडणार नाही, ही हमी. व्हिक्टरला १९१७ साली जे न्यायालयात मिळाले नाही ते इथे रचनेतूनच साधले होते.

१४/
आणि दाखवण्यासारखा मालही होता. डेव्हिड लुईस यांनी घडवलेली १९९१ ची 'बेओसिस्टिम २५००' भिंतीलगत उभी असे. हात जवळ नेला की तिची काचेची दारे आपोआप बाजूला सरत. १९९६ च्या 'बेओसाउंड ९०००' मध्ये सहा सीडी एका रांगेत काचेखाली मांडलेल्या, आणि वाचक यंत्र त्यांच्यावरून झरकन सरकत हव्या त्या सीडीपाशी थांबे. हे कागदावर वाचून कळत नाही. ते पाहावे लागते. गिऱ्हाइकाने हात पुढे करावा, दार सरकावे, त्याने दचकून हसावे, आणि मग विक्रेत्याने शांतपणे बसायला सांगावे. त्या क्षणासाठी दुकान हवे होते, आणि ते शांत, एकाच नावाचे असणे आवश्यक होते.

१५/
विक्रीनंतरचे काम त्याहून मोठे. या संचांचे सूत्र असे की दिवाणखान्यातले संगीत शयनगृहात आणि स्वयंपाकघरातही ऐकू यावे, आणि एकाच दूरनियंत्रकाने सारे चालावे. त्यासाठी भिंतीतून, जमिनीखालून तारा न्याव्या लागत. दुकानदार घरी जाई, मोजमापे घेई, गवंडी आणि वायरमन यांच्याशी बोले. वर्षानुवर्षे त्याच घरांत त्याची ये-जा राही. मुलगी लग्न होऊन वेगळी राहू लागली की तिच्या घरासाठीही त्यालाच बोलावणे येई. हा धंदा जवळपास घरच्या वैद्यासारखा होता, आणि मला वाटते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मौल्यवान भाग हाच होता. ताळेबंदात मात्र त्याला रकाना नव्हता.

१६/
त्याचे अर्थशास्त्र समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. समजा, दुकानाचा वर्षाचा खर्च (भाडे, दोन पगार, व्याज) ६० लाख रुपये आणि प्रत्येक संचामागे दुकानदाराला सरासरी दीड लाख सुटतात. म्हणजे वर्षाला ४० संच विकले की बरोबरी. आठवड्याला एकही नाही. म्हणूनच रिकामे दुकान हे अपयशाचे लक्षण असेलच असे नाही. पण याची दुसरी बाजू अशी की वर्षाला १० गिऱ्हाइके घटली की चौथा हिस्सा गेला, आणि भाडे तर एका रुपयानेही कमी होत नाही. किराण्याच्या दुकानात दहा गिऱ्हाइके कमी झाल्याचे संध्याकाळपर्यंत कळतही नाही. शिवाय इथला माल टिकाऊ. उत्तम ध्वनिक्षेपक पंधरा-वीस वर्षे चालतो, म्हणजे खूश झालेले गिऱ्हाईक तितकीच वर्षे पुन्हा येत नाही. इतर ब्रँडचा स्वस्त माल ठेवून मधला काळ निभावून न्यावा, तर करारात त्याला मनाई.

१७/
तरीही नव्वदचे दशक आणि पुढची काही वर्षे बरी गेली. २००८ च्या सुमारास जगभरात अशी सुमारे आठशे दुकाने होती. मग पायाखालची जमीन सरकू लागली, आणि ती एका जागी नव्हे, तीन जागी.

१८/
पहिली जागा: टीव्ही. काचेच्या नळीचा जुना टीव्ही दहा-दहा वर्षे बदलत नसे. त्याची पेटी, आवाज, आपोआप गिऱ्हाइकाकडे वळणारे आसन, यांत डॅनिश कारागिरीला वाव होता. सपाट पडदा आला आणि टीव्हीचा प्राण असलेला पडदा दुसऱ्याच मोठ्या कारखान्यांत तयार होऊ लागला. दरवर्षी तो मोठा, पातळ आणि स्वस्त. दुकानात मांडलेला महागडा संच दरवर्षी जुना दिसू लागला, आणि तो दुकानदाराच्या पैशाने मांडलेला होता. पूर्वी ज्या प्रदर्शनावर पाच-सात वर्षे निघत, ते आता दीड-दोन वर्षांत भंगाराच्या वाटेला लागे.

१९/
दुसरी जागा: संगीत. २००१ मध्ये 'आयपॉड' आला, २००७ मध्ये 'आयफोन'. संगीताचा मुक्काम कपाटातून खिशात गेला. सहा सीडी डौलाने मांडून ठेवणारे यंत्र पाहून नवी पिढी विचारू लागली की सीडी कशाला? कंपनीने सॅमसंगबरोबर २००५ मध्ये 'सेरीन' आणि २००७ मध्ये 'सेरेनाटा' हे फोन काढले. दिसायला विलक्षण, पण फोनच्या धंद्यातली दर सहा महिन्यांची शर्यत स्ट्रूअरच्या स्वभावात नव्हती. २००८ मध्ये फोन आणि एमपी-३ वादकांचे काम थांबवण्याचे ठरले.

२०/
तिसरी जागा: पैसा. जानेवारी २००८ मध्ये, नाताळच्या हंगामानंतर लगेच, कंपनीला नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला आणि प्रमुख टॉर्बेन बालेगार सोरेनसेन यांना जावे लागले. त्याच वर्षी जागतिक मंदी आली. मे २००८ ला संपलेल्या वर्षात ४ अब्ज डॅनिश क्रोनरहून अधिक असलेली उलाढाल पुढच्याच वर्षी २.८ अब्जांच्या आसपास आली. वर मांडलेला ४० संचांचा हिशेब आठवा. दुकानांची विक्री अशी तिसऱ्या हिश्श्याने घसरली की काय होते, ते त्यावरून ताडता येईल.

२१/
इथे हिशेबातली एक बारकाई सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय अशा धंद्यांचा इतिहास उलगडत नाही. कारखान्याने दुकानदाराला माल पाठवला की कारखान्याच्या वहीत विक्री नोंदली जाते. तो माल पुढे खऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी गेला की नाही, ही निराळी गोष्ट. चांगल्या काळात या दोन आकड्यांत फरक पडत नाही. वाईट काळात कारखान्याची वही काही महिने हसरी दिसते आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी साचत जातात. मग दुकानदार नवी मागणी थांबवतो, आणि कारखान्याला मंदी एकदम, उशिरा आणि दुप्पट वेगाने आल्यासारखी वाटते. दूध उतू जाते तेव्हा कळते. विस्तव मात्र केव्हाचा पेटलेला असतो.

२२/
२०११ मध्ये तुए मान्तोनी प्रमुख झाले. २०१२ च्या आरंभी 'बी अँड ओ प्ले' ही नवी शाखा निघाली: उचलून नेता येणारे ध्वनिक्षेपक, पुढे हेडफोन, किंमत आवाक्यातली, विक्री अॅपलच्या दुकानांत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामान्य दुकानांत आणि इंटरनेटवर. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे अटळ होते. पंचविशीतला मुलगा त्या गंभीर दालनात पाऊल टाकणार नव्हता, मग त्याला पहिला अनुभव कुठे मिळणार?

२३/
आता काउंटरच्या अलीकडून पाहा. वीस वर्षे तुम्ही दुसऱ्या कोणाचा माल ठेवला नाही. कंपनी सांगेल तशी भिंत रंगवली. आणि तेच नाव आता पलीकडच्या चौकात फोनच्या कव्हरांशेजारी टांगलेले, वर सवलतीची चिठ्ठी. एकनिष्ठता दोन्ही बाजूंनी आहे असे तुम्ही समजत होता; करारात ती एकाच बाजूने लिहिलेली निघाली. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने युरोपातील शंभराहून अधिक छोट्या दुकानांशी संबंध संपवण्याचे जाहीर केले. कारण दिले ते खरेच होते: त्या दुकानांची विक्री फार थोडी होती, आणि उरलेल्या मोठ्या दुकानांना अधिक बळ द्यायचे होते. पण त्या आराखड्यानुसार केलेली सजावट दुसऱ्या कोणत्याही धंद्याच्या उपयोगाची नव्हती.

२४/
माझे मत विचाराल तर बाहेर विकण्याचा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. चूक जुनी होती. दालन दाखवण्याचे, शिकवण्याचे, घरात बसवून देण्याचे काम करत होते, आणि मोबदला मात्र फक्त खोके विकल्यावर मिळत होता. खोके दुसरीकडे विकले जाऊ लागताच दालनाची कमाई गेली, काम तेवढेच राहिले. व्हिक्ट्रोलाच्या गालिच्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा दारात उभा होता. २०१८ मध्ये 'प्ले' हे वेगळे नावही पुसले गेले आणि सारा माल एकाच नावाखाली आला. त्यानंतर तर दालनातला आणि दुकानाबाहेरचा माल हा भेद पाटीवरूनही कळेनासा झाला.

२५/
हे दुखणे एकट्या डॅनिश कंपनीचे नव्हते. अमेरिकेच्या 'बोस'ने १९९३ मध्ये पहिले दालन उघडले होते. जानेवारी २०२० मध्ये तिने उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियातील ११९ दुकाने बंद करण्याची घोषणा केली. खरेदी इंटरनेटवर गेली, हे कारण दिले. लक्षणीय गोष्ट अशी की भारत, चीन, आग्नेय आशिया आणि संयुक्त अरब अमिरातींतील दुकाने त्या यादीत नव्हती.

२६/
भारतात या दुकानांचा इतिहासच वेगळ्या क्रमाने घडला. एकाच ब्रँडच्या दुकानांत परदेशी कंपनीला ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल घालण्याची मुभा मिळाली ती २००६ मध्ये. जानेवारी २०१२ मध्ये मर्यादा १०० टक्क्यांवर गेली, पण ५१ टक्क्यांच्या वर जायचे तर ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट होती. डेन्मार्कमध्ये हाताने घासून चमकवलेला अॅल्युमिनियमचा खांब विकणाऱ्याने ही अट पाळायची कशी? त्यामुळे अशा मालासाठी इथल्याच एखाद्या भागीदाराने स्वतःचे पैसे घालून दुकान काढावे, हा मार्ग सोयीचा ठरतो. म्हणजे स्ट्रूअरची पाटी आणि मुंबईचे भाडे. जोखीम कोणाच्या माथी, हे आतापर्यंत तुमच्या ध्यानात आले असेल.

२७/
स्ट्रूअरच्या कारखान्याने अलीकडे एक वेगळीच गोष्ट केली. २०२० मध्ये, स्थापनेच्या ९५ व्या वर्षी, त्यांनी १९७० च्या दशकातील ९५ 'बेओग्राम' यंत्रे परत मिळवली, खोलून दुरुस्त केली, अॅल्युमिनियमला नवी झिलई दिली आणि नव्या नावाने पुन्हा विकायला काढली. २०२४ मध्ये सहा सीडींच्या त्या 'बेओसाउंड ९०००'चेही तसेच केले, २०० नग. जे यंत्र पाहून नवी पिढी सीडी कशाला असे विचारत होती, त्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

२८/
आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ३६३ क्रमांक? २००० मध्ये कंपनीने ते दुकान सोडले, २०१३ मध्ये पुन्हा तिथे परतली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बंद झाले. त्यानंतर त्या जागेत अमेरिकी गोळ्या-चॉकलेटांचे दुकान चालू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे पुन्हा 'एचएमव्ही'ची पाटी लागली. आत आता तबकड्या आहेत, टी-शर्ट आहेत, चित्रपटांतल्या पात्रांच्या बाहुल्या आहेत. एकाच कंपनीचा माल विकणारे ते दुकान कधीच इतिहासजमा झाले. कुत्रा मात्र अजून पाटीवर आहे.